पावसात टिकणारा अतिनील सेन्सर घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या हवामान केंद्रावर तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा मोजून झाला की पुढची खुमखुमी अतिनील किरणांची असते. सेन्सर हातात येतो, टेबलावर झकास चालतो आणि डबीत बंद केला की आंधळा होतो. बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात. त्यामुळे या पानावर सेन्सरपेक्षा त्याच्या झाकणाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

पारदर्शक झाकणाची वॉटरप्रूफ डबी घेतली की काम झालं ना?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. पॉलिकार्बोनेटच्या स्वच्छ झाकणाची डबी, आत सेन्सर, भर दुपारी ऊन डोक्यावर, आणि आकडा शून्य. दोन तास वायरी तपासल्या, सोल्डर पुन्हा मारलं, कोड दोनदा बदलला. शेवटी वैतागून झाकण काढलं, तर आकडा टुणकन वर गेला. झाकण परत ठेवलं, पुन्हा शून्य.

पॉलिकार्बोनेट आपल्या डोळ्यांना पारदर्शक असतं. अतिनील किरणांच्या दृष्टीने ती भिंत आहे. साधारण ३८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचं जवळजवळ सगळं ते अडवतं. बाजारातल्या बहुतेक ॲक्रिलिकमध्येही अतिनील शोषणारं द्रव्य मिसळलेलं असतं. अतिनील किरण आरपार जाऊ देणारं ॲक्रिलिक वेगळं मिळतं, पण ते मुद्दाम मागून घ्यावं लागतं. पारदर्शक इपॉक्सी ओतून सेन्सर गाडायची कल्पना सगळ्यांनाच कधी ना कधी सुचते. इपॉक्सीसुद्धा हे किरण शोषतं आणि उन्हात पिवळं पडत जातं, म्हणजे आधीच चुकलेला आकडा महिन्यागणिक आणखी चुकत जातो.

पॉलिकार्बोनेटचा तो तुकडा मात्र फेकू नका. पुढे कामाला येणार आहे.

मग साधी काच लावली तर? काचेआड माझा सेन्सर चांगला आकडा दाखवतो.

दाखवतो, आणि म्हणूनच काच जास्त फसवी. खिडकीची साधी काच ३२० ते ३३० नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवते आणि त्यावरचे बऱ्यापैकी सोडते. अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात: ‘ए’ ३१५ ते ४०० नॅनोमीटर, ‘बी’ २८० ते ३१५ आणि ‘सी’ १०० ते २८०. ‘सी’ वातावरणातच संपतो. ‘बी’चा बराचसा भाग ओझोन गिळतो, पण जो थोडा जमिनीवर पोचतो तोच त्वचा भाजण्याच्या बाबतीत सगळ्यात जालीम. काच नेमका तोच कापते.

म्हणजे काचेआडचा सेन्सर जिवंत दिसतो, उन्हाबरोबर आकडा वरखालीही होतो, पण ज्यासाठी सगळा खटाटोप चाललाय ते तो मोजतच नाही. बंद पडलेला सेन्सर परवडला. त्याच्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही.

खिडकीसाठी वापरायचं तरी काय?

माझं उत्तर टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची पांढरी चकती. तिच्यातून पलीकडचं काही दिसत नाही, पण अतिनील किरण विखरून आत येतात. ती उन्हात पिवळी पडत नाही आणि तिच्यावर पाणी ठरत नाही. शिवाय किरण कोणत्याही कोनातून आले तरी ती ते सेन्सरवर पसरवते, आणि हा तिचा सगळ्यात मोठा गुण. उघडा सेन्सर डोक्यावरचं ऊन नीट पाहतो, तिरपं ऊन मात्र पाहिजे तेवढं मोजत नाही.

दुसरा पर्याय क्वार्ट्झची काच. तिच्यातून ‘बी’ आणि ‘ए’ दोन्ही पट्टे जवळपास पूर्ण येतात. पण ती प्रकाश पसरवत नाही, त्यामुळे तिच्याखाली टेफ्लॉनचा पापुद्रा लागतोच. मग मला तरी नुसतं टेफ्लॉन सोपं वाटतं.

टेफ्लॉनची एक खोड माहीत असावी. साधारण १९ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि त्यातून जाणारा प्रकाश एक ते तीन टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. घरच्या केंद्राला एवढी चूक चालते. थंड सकाळी आलेखात बारीकशी पायरी दिसली तर सेन्सर बिघडला म्हणून घाबरू नका, एवढंच.

नुसता प्रयोग करून पाहायचा असेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचे चार-पाच थर ताणून लावा. टेबलावर चालतं. छतावर चालणार नाही.

टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही. पक्कं कसं बसवायचं?

चिकटवायचंच नाही, दाबून बसवायचं. डबीच्या झाकणाला गोल भोक, भोकाभोवती खाचेत रबराची ओ-रिंग, तिच्यावर टेफ्लॉनची चकती आणि वरून स्क्रूने आवळलेली कडी. सिलिकॉन लावून चकती चिकटवली तर पहिल्या दिवशी घट्ट वाटते आणि काही आठवड्यांत कडेने नखाने उचलता येते.

कडी आवळताना अंगात येऊ देऊ नका. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू पसरतं, वाहतं म्हणा ना. आज करकचून आवळलेली चकती महिन्याभराने सैल होते. खालची ओ-रिंग स्प्रिंगसारखी वर ढकलत राहते म्हणून सांधा टिकतो. ओ-रिंग साधारण पाव भाग दबली की थांबा.

आणि चकतीचा मधला भाग कडीपेक्षा एक-दोन मिलिमीटर वर उचललेला राहिला पाहिजे. खाली राहिला तर वाटी तयार होते. त्यात पाणी साठतं, पाणी वाळलं की धूळ उरते, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कडीची सावली पडते ती वेगळीच.

यूव्ही इंडेक्स नक्की काय मोजतो?

यूव्ही म्हणजे अतिनील, आणि हा इंडेक्स मोजतो त्वचा लाल करण्याची उन्हाची ताकद. प्रत्येक तरंगलांबीला तिच्या दाहकतेनुसार वजन द्यायचं, बेरीज करायची, आणि येणाऱ्या वॅट प्रति चौरस मीटरला ४० ने गुणायचं. म्हणजे इंडेक्सचा एक अंक म्हणजे २५ मिलिवॅट. ही कल्पना १९९२ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटनेने ती स्वीकारली. ३ पासून पुढे ऊन सांभाळा, ८ ते १० फार तीव्र, ११ पासून पुढे अतितीव्र.

वजन किती झपाट्याने घसरतं ते बघा. २९८ नॅनोमीटरपर्यंत ते १ असतं, ३२५ ला जेमतेम ०.००३ उरतं. इंडेक्स १० असताना वजन केलेली बेरीज फक्त पाव वॅट भरते, आणि त्याच वेळी जमिनीवर एकूण ऊन हजार वॅटच्या घरात असतं. चार हजारातला एक भाग शोधायचाय. सेन्सरने दृश्य प्रकाशाला किंचितही दाद दिली तरी तो एक भाग बुडून जातो.

कोणता सेन्सर घ्यावा?

पहिली अट ही, की तो खरोखर अतिनील मोजणारा हवा. एसआय ११४५ हा चिप नावाला यूव्ही इंडेक्स देतो, पण त्यात अतिनील मोजणारा डायोडच नाही. दृश्य आणि अवरक्त प्रकाशावरून तो अंदाज बांधतो. टेफ्लॉनखाली ठेवला की तो अंदाजही कोलमडतो.

एमएल ८५११ साधा आणि स्वस्त आहे, पण त्याचा भर ३६५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ‘ए’ पट्ट्यावर. जीयूव्हीए-एस१२एसडी हा गॅलियम नायट्राइडचा डायोड. त्याला ३७० च्या पुढचं फारसं दिसत नाही, त्यामुळे दृश्य प्रकाशाची भानगड कमी. एलटीआर-३९० थेट डिजिटल आकडा देतो, जोडायला सगळ्यात सोपा. व्हीईएमएल ६०७५ मध्ये ‘ए’ आणि ‘बी’चे वेगळे आकडे मिळायचे, छान होता, पण उत्पादन बंद झालंय. जुना साठा म्हणून कोणी देत असेल तर एकच घेऊन त्यावर सगळं केंद्र उभारू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एलटीआर-३९० सांगेन. अठरा पट गेन (म्हणजे संकेत वाढवण्याचं प्रमाण) आणि ४०० मिलिसेकंद मोजणी ठेवली तर माहितीपत्रकाप्रमाणे इंडेक्सच्या एका अंकाला २३०० मोजण्या येतात. हा हिशेब उघड्या सेन्सरचा. टेफ्लॉनखाली तो आकडा बराच घटतो, आणि किती घटला हे तुमचं तुम्हालाच मोजावं लागतं.

एमएल ८५११ च्या कोडमधून ७-८ आकडा येतो. तोच इंडेक्स ना?

नव्हे. तो जुळल्यासारखा दिसतो, एवढंच. या सेन्सरला अंधारात साधारण १ व्होल्ट असतो आणि १५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरला २.८ व्होल्ट. सगळीकडे फिरणारा कोड या दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा काढतो. बाहेर येतात ते मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. भर उन्हात ‘ए’ पट्ट्याची तीव्रता याच एककात पाच-सहाच्या आसपास जाते, इंडेक्सही एका आकड्यात असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की जमलं. एकक पाहिलंच जात नाही.

सेन्सर खरोखर अतिनील पाहतोय का, हे घरी कसं तपासायचं?

आता तो पॉलिकार्बोनेटचा तुकडा काढा. निरभ्र आकाश, मध्यान्हाच्या आसपासची वेळ, सेन्सर सपाट ठेवलेला. आधी उघडा आकडा लिहा. मग सेन्सरवर पॉलिकार्बोनेट धरा. अंधारातला आकडा वजा करून जे उरेल ती बहुतेक दृश्य आणि अवरक्त प्रकाशाची गळती. मग साधी काच धरा. काचेने आकडा थोडाच उतरला तर सेन्सर मुख्यतः ‘ए’ पट्टा मोजतोय, आणि धाडकन पडला तर तो त्वचेसारखं पाहतोय. शेवटी टेफ्लॉनची चकती ठेवा. उघड्या आकड्याशी तिचं गुणोत्तर वहीत टिपून ठेवा, दर वर्षी लागेल.

सगळं दोन-तीन मिनिटांत उरका आणि शेवटी उघडा आकडा परत घ्या. पहिल्या आकड्याशी जुळला नाही तर मध्ये पातळ ढग सरकला असणार, पुन्हा करा.

डबी पूर्ण सीलबंद आहे, तरी आत पाणी कसं साठतं?

सीलबंद आहे म्हणूनच. उन्हात डबी ५० अंशांपर्यंत तापते, आतली हवा फुगते आणि थोडी गॅस्केटमधून, थोडी केबलच्या आतून निसटते. मग सर येते आणि काही मिनिटांत डबी २५ अंशांवर उतरते. आतला दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. ही ओढ जवळपास ८० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी असते, आणि नेमकी त्याच वेळी गॅस्केटवर पाणी उभं असतं. डबी ते शोषून घेते. पुढच्या उन्हात हवा बाहेर जाते, पाणी आतच राहतं. आयपी ६७ या जलरोधक दर्जाची चाचणी पाण्यात बुडवून होते, या श्वासोच्छ्वासाची होत नाही.

उपाय म्हणजे डबीला श्वास घेऊ द्या. हवा जाईल पण पाणी जाणार नाही असा सच्छिद्र टेफ्लॉनचा पडदा असलेला छोटा व्हेंट मिळतो, तो तळाला लावा. तो नसेल तर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरचं भोक पाडा आणि आतून बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या संसार थाटतात. भोक पाडायला लोकांचा हात धजत नाही, पण भोक असलेली डबी बंद डबीपेक्षा कोरडी राहते, हे मी दोन्ही शेजारी-शेजारी टांगून पाहिलं आहे. सिलिका जेलची पुडी घाला हवी तर. भरली की तिचा उपयोग संपतो आणि उन्हात ती तीच ओल परत सोडते.

सर्किट आत घालण्याआधी डबीत कोरडा टिश्यू ठेवून, व्हेंट बंद करून, ती उन्हात तापवा आणि गार पाण्याच्या बादलीत दाबून धरा.  टिश्यू कुठे भिजला ते बघा.

चकती सोडून बाकी सांध्यांना सिलिकॉन कोणतं वापरू?

व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं ॲसिड तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या.

रात्रीसुद्धा आकडा शून्य होत नाही. का?

पावसानंतरच्या रात्री जास्त होतंय का? मग ओल आहे. जीयूव्हीए-एस१२एसडीसारखा डायोड इंडेक्सच्या एका अंकाला साधारण २६ नॅनोअँपियर देतो. बोर्डावर सोल्डरचा फ्लक्स राहिला, त्यावर दमट हवा बसली आणि ३.३ व्होल्टच्या पट्टीपासून इनपुटपर्यंत १०० मेगाओहमची वाट तयार झाली, तर ३३ नॅनोअँपियर गळतात. म्हणजे मध्यरात्री इंडेक्स एकच्या वर. १०० मेगाओहम ऐकायला भक्कम वाटतं, इथे ती गळकी भिंत आहे.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून धुवा, पूर्ण वाळवा, मग कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डावर ओल बसू न देणाऱ्या थराचे) दोन हात मारा. सेन्सरच्या डोळ्यावर मात्र आधी टेपचा तुकडा लावा, कोटिंग तिथे गेलं की पहिल्या प्रश्नातली गोष्ट पुन्हा घडते. कोरड्या रात्रीही आकडा ठाम वर असेल तर ती सेन्सरची स्वतःची बैठक, ती रोज रात्री मोजून वजा करायला कोडलाच सांगा.

केबल किती लांब चालते?

आय टू सी, म्हणजे डिजिटल सेन्सरची बोलायची पद्धत, एका बोर्डावरच्या चिपांसाठी बनली आहे आणि तिच्या तारांची धारिता ४०० पिकोफॅरडपर्यंतच चालते. दोन-तीन मीटरनंतर रडारड सुरू होते. डबीतच छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवा आणि खाली आरएस ४८५ या लांब पल्ल्याच्या तारजोडणीवर किंवा वायफायने आकडे पाठवा. ॲनालॉग सेन्सर ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरला थेट जोडू नका, त्याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दोन्ही टोकांना वाकडा आहे आणि वायफाय चालू असताना त्यातल्या दुसऱ्या गटाच्या पिना वापरता येत नाहीत. दोघांच्या मधे एडीएस १११५ हा वेगळा एडीसी चिप घाला. केबल डबीला खालून आणा आणि आत शिरण्याआधी तिला झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

कुठे बसवू?

जिथून सगळं आकाश दिसतं तिथे. फक्त सूर्य दिसून भागत नाही. हवा लहान तरंगलांबी जास्त विखुरते, त्यामुळे निरभ्र दिवशीही दाहक किरणांचा मोठा हिस्सा, सूर्य खाली असेल तर निम्म्याहून अधिक, निळ्या आकाशातून येतो. शेजारच्या भिंतीची सावली सेन्सरवर पडली नाही तरी भिंतीने आकाशाचा जो तुकडा झाकला तेवढे किरण गेलेच.

आणि पाणसळ लावून सपाट करा. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना डबी त्याच्याकडे नुसती दोन अंश कलली तरी थेट उन्हाचा आकडा ६ टक्क्यांनी चढतो. सकाळ आणि संध्याकाळ आलेखात सारखी दिसत नसेल तर आधी कोडमध्ये नाही, पाणसळीत बघा.

आकडे इंडेक्समध्ये बदलायचे कसे? माझ्याकडे महागडं उपकरण नाही.

निरभ्र, स्वच्छ दिवस हेच तुमचं उपकरण. वातावरणशास्त्रज्ञ साशा मॅड्रोनिच यांनी २००७ मध्ये दिलेलं एक सूत्र त्यासाठी सोयीचं आहे. सूर्य डोक्यावरून किती अंश कललाय त्या कोनाचा कोसाइन घ्या, त्याचा २.४२ वा घात करा, १२.५ ने गुणा. मग ओझोनच्या प्रमाणाला ३०० डॉबसनने (डॉबसन हे ओझोन मोजायचं एकक) भागून त्याचा उणे १.२३ वा घात लावा. ओझोन ३०० असेल तर हा शेवटचा गुणक १ होतो. सूर्य थेट डोक्यावर असेल तर १२.५, ३० अंश कलला तर ८.८, ६० अंश कलला तर २.३. हे सूत्र समुद्रसपाटीच्या स्वच्छ हवेसाठी आहे. उंची दर हजार मीटरला साधारण १० टक्के वाढवते, धूर आणि धुरकं कमी करतं. त्या दिवसाचा ओझोन उपग्रहांच्या खुल्या नकाशांवर मिळतो.

आता गंमत इथे आहे. दुपारच्या आकड्यावरून एक गुणक काढून सगळ्या दिवसाला लावला, तर सकाळ-संध्याकाळ तुमचा सेन्सर हटकून जास्त दाखवेल. सूर्य खाली गेला की किरणांना ओझोनमधून लांबची वाट पडते, त्यात ‘बी’ आधी आटतो आणि ‘ए’ बराच टिकतो. ‘ए’ पाहणाऱ्या सेन्सरला ही घसरण दिसतच नाही. म्हणून सूर्याच्या कोनाप्रमाणे गुणक बदला: ० ते ३०, ३० ते ५० आणि ५० च्या पुढे असे तीन गुणक काढले तरी आकडा खूप सुधारतो. एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका. चार-पाच निरभ्र दिवस वेगवेगळ्या महिन्यांत घ्या.

ढग असताना निरभ्र दिवसापेक्षा जास्त आकडा आला. बिघाड?

बहुधा नाही. सूर्य मोकळा आणि त्याच्या आजूबाजूला पांढरे ढग असले की त्यांच्या कडा किरण परतवतात आणि थोडा वेळ आकडा उसळतो. दर सेकंदाला मोजा, मिनिटाची सरासरी आणि मिनिटातला कमाल आकडा दोन्ही साठवा, म्हणजे ही उसळी कळते आणि सरासरीही बिघडत नाही.

देखभाल किती?

महिन्यातून एकदा डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड. पुसण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवलात तर किती दिवसांनी पुसायचं हे तुमचं छतच सांगेल. पक्ष्यांना सपाट पांढरी चकती भारी आवडते, त्यामुळे कडीभोवती केबल टायची टोकं काट्यांसारखी उभी ठेवा, चकतीपेक्षा फार उंच नकोत. डबी पांढरी ठेवा, काळी डबी तापून सेन्सरचा आकडा सरकवते.

किती वर्षं टिकेल?

डबी टिकेल, सेन्सर हळूहळू मंद होईल. जे मोजायचं तेच किरण त्याला झिजवतात. म्हणून सुरुवातीलाच दोन सेन्सर घ्या, एक अंधाऱ्या डबीत कोरडा ठेवून द्या. वर्षातून एकदा, निरभ्र दुपारी, तो बाहेर काढून छतावरच्याची चकती त्याच्यावर ठेवा आणि दोघांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. जेवढा फरक तेवढा गुणक बदला, आणि ठेवणीतला लगेच परत अंधारात ठेवा. मी एकदा तो उन्हातच विसरलो होतो, आठवडाभर.